पाचवे शील आणि भांगेची मात्रा



आपल्या घरी आता रोज संध्याकाळी वंदना होते. मुले हात जोडून बसतात, त्रिसरण म्हणतात, पंचशील म्हणतात. पाचवे शील तोंडातून निघते तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहते, ती म्हणजे दारू. ते स्वाभाविकही आहे. दारूने आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरचे मणी विकायला लावले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी दारूचीच आहे. दीक्षा घेतल्यावर आपल्या वस्त्यांमधून पुष्कळ घरांनी दारू सोडली, हे आपण अभिमानाने सांगतो.

परंतु गेल्या पौर्णिमेला विहारात प्रवचन संपल्यावर एक तरुण माझ्याकडे आला. दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या घरातला, शिकलेला, नोकरीला शहरात असलेला. तो म्हणाला, "सर, दारू आम्ही सोडली. पण भांग काही दारू नाही. ती झाडाचं पान आहे, आणि पिण्यापेक्षा खाण्याचीच वस्तू आहे. होळीला मित्र पेढा देतात. शहरात तर गोळ्या-चॉकलेटं मिळतात. योग्य मात्रेत खाल्ली तर शील मोडतं का? आणि योग्य मात्रा किती?"

मी त्याला रागावलो नाही. त्याने लपवून खाण्यापेक्षा उघड विचारले, हे धम्माला धरून आहे. आपला धम्म 'मी सांगतो म्हणून ऐक' असे म्हणत नाही. 'ये आणि पाहा' असे म्हणतो. तेव्हा आज आपण पाहूच. योग्य मात्रा खरोखर सापडते का?

प्रथम शिक्षापदातले शब्द पाहा. त्यात सुरा आहे, मेरय आहे, आणि मज्ज आहे. सुरा आणि मेरय ही मद्याची नावे झाली. मज्ज म्हणजे मद आणणारे, मग ते पातेल्यातले असो की पानातले. त्यापुढचा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे पमाद. पमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणे. जे भान सुटण्याचे कारण होते, त्यापासून दूर राहण्याचा निश्चय आपण करतो. म्हणून वस्तू प्यायची की चघळायची हा वादच उरत नाही. भान राहते की जाते, एवढेच पाहायचे.

तो तरुण यावर म्हणेल, "पण थोडक्यात भान जात नाही." या 'थोडक्या'ची गोष्ट विनयपिटकात आहे. सागत नावाचे एक स्थविर होते. अंबतित्थ येथे एका भयंकर नागाला त्यांनी आपल्या सामर्थ्याने नमवले, अशी त्यांची कीर्ती होती. ते कोसंबीला आले तेव्हा उपासकांना वाटले, यांना काहीतरी दुर्मिळ दान द्यावे. काही उनाड भिक्खूंनी सुचवले, उंची मद्य द्या. मग घरोघर मद्य तयार झाले. सागत भिक्षेला निघाले आणि घराघरातून घोट घेत गेले. एकाही घराने त्यांना फार दिले नसेल. प्रत्येक घरचे आपापल्या परीने थोडेच. पण नगराच्या वेशीशी येईपर्यंत सागत कोसळले. तथागतांनी त्यांना उचलून विहारात आणवले. तथागतांच्या दिशेला डोके करून निजवले, तर ते उलटे फिरले आणि पाय तथागतांकडे करून पडले. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना विचारले की, पूर्वी हा माझ्याशी आदराने वागत असे ना? आणि आज हा साध्या पाणसापाला तरी आवरू शकेल काय? भिक्खूंनी खाली माना घातल्या. मद्यपान वर्ज्य करणारा नियम त्या दिवशी झाला.

नागाला नमवणारा माणूस घोटाघोटाने कसा पडला? प्रत्येक घोट त्याने मोजला असेल, पण बेरीज कोणी केली नाही. खाल्लेल्या भांगेत नेमके हेच होते, किंबहुना दारूपेक्षा अधिक होते.

मी शाळेत शिकवतो, म्हणून हे मुलांना समजावे तसे सांगतो. कोणत्याही वस्तूची मात्रा ठरवायची तर तीन गोष्टी लागतात. वस्तूत जोर किती आहे त्याचे माप लागते. घेतल्यावर परिणाम केव्हा दिसेल ती वेळ माहीत लागते. आणि मोजणारा माणूस शुद्धीवर लागतो. भांगेला या तीन कसोट्या लावून पाहा.

पहिली कसोटी मापाची. भांगेत नशा आणणारे जे मुख्य द्रव्य आहे त्याला टीएचसी म्हणतात. ते एका झाडात कमी, दुसऱ्यात जास्त असते. पानात एक, फुलोऱ्यात दुसरेच. पान वाटून दुधा-तुपात शिजवले की उष्णतेने त्याचा जोर जागा होतो आणि ते स्निग्धात उतरते. एका परातीतल्या बर्फीच्या दोन वड्यांतही ते सारखे पडत नाही. घरच्या पाट्यावर वाटलेल्या गोळीत किती टीएचसी आहे, हे वाटणाऱ्यालाही सांगता येणार नाही. 'सुपारीएवढी', 'बोराएवढी' ही आकाराची मापे आहेत. त्यावरून जोर कळत नाही.

दुसरी कसोटी वेळेची. ओढलेला गांजा काही मिनिटांत डोक्यात चढतो. खाल्लेली भांग पोटातून आतड्यात, आतड्यातून यकृतात जाते. यकृतात टीएचसीचे एक वेगळे द्रव्य बनते, आणि ते मेंदूवर अधिक जोराने काम करते. या साऱ्याला अर्धा तास ते दोन तास लागतात. पोट भरलेले असेल तर आणखी उशीर. परिणामाचा कळस दोन ते चार तासांनी येतो आणि उतरायला सहा-आठ तास, कधी बारा तासही लागतात. म्हणजे पहिला घास खाल्ल्यावर तासभर 'काहीच होत नाही' असे वाटते. माणूस म्हणतो, माल हलका दिसतो. मग दुसरा घास, तिसरा घास. आणि जेव्हा चढते तेव्हा तिन्ही मिळून चढतात, आणि पोटात गेलेले परत काढता येत नाही.

तिसरी कसोटी मोजणाऱ्याची. दुसरा घास घ्यावा की नाही हे ठरवताना पहिल्या घासाने डोके हलके व्हायला लागलेले असते. ज्या तराजूने तोलायचे तोच तराजू वाकडा झालेला असतो.

बंधूंनो, हे मी पुस्तकात वाचून सांगत असतो तर इतक्या पोटतिडकीने सांगितले नसते. हे आमच्या घरात घडले आहे.

माझ्या मामांच्या कुटुंबाने अशोक विजयादशमीला दीक्षा घेतली. सारे घर पांढऱ्या कपड्यांत उभे होते. देव्हारा निघाला, तिथे बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आली. त्यानंतरची पहिलीच होळी. मामांचा जुना मित्र सीमेपलीकडून, जिथे सरकारी परवान्याच्या दुकानात भांग मिळते तिथून, भांगेचे पेढे घेऊन आला. मामांनी दारू सोडली होती, आणि खरोखर सोडली होती. पण मित्र म्हणाला, ही काही दारू नव्हे. मामांनी सात वाजता अर्धा पेढा खाल्ला. आठ वाजले, काही नाही. आणखी दोन खाल्ले. साडेनऊला त्यांची छाती धडधडू लागली, तोंड कोरडे पडले, 'मी मेलो, मी मेलो' म्हणून ते मामीचा हात सोडीनात. सारे घर त्यांच्याभोवती गोळा झाले. पेढ्यांचा डबा ओट्यावर उघडाच राहिला. मामांची नात तीन वर्षांची. तिने पेढा पाहिला आणि खाल्ला. लेकराला तो पेढाच होता.

मध्यरात्री कोणाच्या तरी लक्षात आले की पोरगी उठवून उठत नाही. अंग कापसासारखे सैल झालेले. मी त्या रात्री तिथेच होतो. आम्ही तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले? माझा मामेभाऊ म्हणाला, काही नाही, ताप असेल. डॉक्टरांनी पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. आम्ही सारे गप्प. का गप्प? कारण गावात आमची ओळख झाली होती की, यांनी दीक्षा घेतली, हे सुधारलेले लोक. बौद्धाच्या घरात भांग निघाली, हे कोणाच्या कानावर जाऊ नये. डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका आली. त्या चिमुकलीच्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा मामी पुढे आली. अक्षरशत्रू बाई. ती म्हणाली, "डॉक्टर, तिनं भांगेचा पेढा खाल्ला. लपवलं ते आमचं चुकलं."

पोरगी दोन दिवस देखरेखीखाली राहिली आणि बरी झाली. पण मी, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, मुलांना खरे बोलावे म्हणून शिकवणारा मास्तर, त्या खोलीत तोंड मिटून उभा होतो, हे मी विसरलेलो नाही. त्या रात्री पाचवे शील मामांनी मोडले आणि चौथे आम्ही सर्वांनी मिळून मोडले. मला त्या रात्री जे समजले ते असे, की पमाद खाणाऱ्यापाशी थांबत नाही. तो ओट्यावरच्या उघड्या डब्यापर्यंत जातो आणि तिथून दवाखान्यातल्या खोट्यापर्यंत जातो.

तो तरुण म्हणेल, "घरच्या पेढ्याला माप नसेल, पण परदेशात वजन छापलेल्या वस्तू मिळतात." ठीक आहे, तिथलेही पाहू. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून एकवीस वर्षांवरील लोकांना गांजाचे पदार्थ दुकानात विकण्यास मोकळीक झाली. तिथे एका वेळच्या भागात दहा मिलिग्रॅम टीएचसी असे माप ठरवले होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने, मोठ्या मित्राने आणलेले एक बिस्किट खाल्ले. त्यात पासष्ट मिलिग्रॅम, म्हणजे साडेसहा वेळचे टीएचसी होते. दुकानदाराने बजावले होते, सहा तुकडे करा, एका वेळी एकच खा. त्याने तसाच एक तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही वाटेना, म्हणून उरलेले सारे खाल्ले. पुढे तो भ्रमल्यासारखा बोलू लागला आणि सुमारे अडीच तासांनी चौथ्या मजल्याच्या सज्जावरून त्याने उडी घेतली. तो गेला. माप होते, सूचना होती, सांगणारा माणूस होता. तरी आमच्या मामांची आणि त्या मुलाची चूक अक्षरशः एकच.

त्यानंतर तिथे नियम कडक झाले. प्रत्येक खाद्यावर टीएचसीची खूण आली. माणसांच्या, प्राण्यांच्या, फळांच्या आकारातल्या गोळ्या मुलांना भुलवतात म्हणून त्यांवर बंदी आली. कॅनडाने २०१९ साली असे पदार्थ विकायला परवानगी दिली, तेव्हा एका पाकिटात मिळून दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असे ठरवले. म्हणजे एका देशाने जो एका वेळचा भाग मानला, तो दुसऱ्याने अख्ख्या पाकिटाची मर्यादा मानला. नवख्याने अडीच मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असेही तिकडे सांगतात. हे आकडे खोटे नाहीत. पण तपासलेल्या वस्तूला ते लागू पडतात. आपल्या गावच्या पेढ्याला किंवा टपालाने गुपचूप आलेल्या गोळीला लागू पडत नाहीत.

दुसरा एक युक्तिवाद शिकलेली मुले करतात, तोही प्रामाणिकपणे मांडतो. इंग्रज सरकारने १८९३ साली भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षी घेऊन १८९४ साली त्याने अहवाल दिला आणि म्हटले की, माफक वापराने सहसा फारसे नुकसान होत नाही, अतिरेकाने होते. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे आपल्याला कारण नाही. भांग खाणारा प्रत्येक जण वेडा होतो, असे धम्म म्हणत नाही. पण 'माफक' म्हणजे किती, हे प्रत्येकाला आपल्या अंगावर प्रयोग करूनच शोधावे लागते. त्या शोधात एखादी रात्र अशी येते की ती मोजमापाच्या बाहेर जाते. ज्याच्या घरात लहान मूल आहे, ज्याला पहाटे ट्रॅक्टर किंवा रिक्षा चालवायची आहे, ज्या बाईला दिवस गेले आहेत किंवा जी अंगावर पाजते आहे, ज्याच्या घराण्यात कोणाला वेडाचे झटके आले आहेत, त्याने हा प्रयोग कोणाच्या जिवावर करायचा?

मग औषधाचे काय? इथेही विनयपिटकच वाट दाखवते. पिलिंदवच्छ स्थविरांना वाताचा विकार होता. वैद्यांनी तेलात मद्य घालून काढा करायला सांगितले. तथागतांनी परवानगी दिली. पण काही भिक्खूंनी मद्य भरपूर घातले आणि ते पिऊन झिंगले. तेव्हा मर्यादा घातली गेली : मद्याचा रंग, वास, चव यांपैकी काहीही तेलात जाणवू नये, आणि जास्त मद्य पडलेले तेल प्यायचे नाही, अंगाला चोळायचे. पाहा, धम्म किती व्यवहारी आहे! रोग्याला त्याने औषध नाकारले नाही. औषधाची मात्रा रोगासाठी असते, आणि जिथे झिंग सुरू होते तिथे ती संपते. आजही या झाडातील द्रव्यांपासून केलेली काही औषधे, कर्करोगाच्या उपचारातील ओकाऱ्यांवर किंवा मुलांच्या काही अवघड फेफऱ्यांवर, डॉक्टर वजन मोजून देतात. ती घेताना शील मोडत नाही. मात्र ती मात्रा डॉक्टर ठरवतो, मित्र ठरवत नाही.

कायद्याचेही दोन शब्द. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसते पान येत नाही. पानाचा कारभार राज्यांकडे आहे. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारी दुकाने आहेत. आपल्या महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणे गुन्हा आहे. ज्या गोळीत चरस-गांजाचा अंश आहे, ती बाळगणे तर सर्वत्रच गुन्हा. 'हे नुसते पान आहे' हे वाक्य पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही.

आता प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे सांगतो. कोणी चुकून किंवा हौसेने खाल्लेच, तर त्याला दरडावू नका आणि एकटे सोडू नका. शांत जागी बसवा, 'हे उतरेल, मी इथे आहे' असे सांगत राहा. विहिरीकडे, गच्चीवर, गाडीकडे जाऊ देऊ नका. उतारा म्हणून दारू तर मुळीच देऊ नका. गुंगीत असलेल्याच्या तोंडात लिंबू, ताक, तूप काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर निजवा. छातीत दुखू लागले, झटके आले, भलतेसलते दिसू लागले, उठवून उठेना, तर दवाखान्यात न्या. आणि लहान मुलाने खाल्ले असेल तर कशाचीही वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. उरलेला पेढा किंवा पाकीट बरोबर न्या. डॉक्टरांनी विचारण्याआधी खरे सांगा. अब्रू नंतर सावरता येते.

होळीला, महाशिवरात्रीला शेजारी प्रेमाने ठंडाई घेऊन येतात. तो 'प्रसाद' म्हणून येतो, म्हणून नकार देताना जीभ अडखळते. भांडू नका, प्रवचन देऊ नका. "आमच्या घरी पाचवं शील आहे, साधं दूध द्या, ते आनंदानं पिऊ," एवढे म्हणा. नवदीक्षित घराला हे पहिल्या वर्षी जड जाते. दुसऱ्या वर्षी शेजारी स्वतःच भांग न घातलेला पेला वेगळा काढून ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

त्या तरुणाला मी जे उत्तर दिले तेच आपल्यालाही देतो. नशेसाठी खायच्या भांगेची योग्य मात्रा मला सापडली नाही. माप अंधारात, वेळ उशिरा, आणि मोजणारा बेभान. म्हणून तथागतांनी किती घ्यावे हे न सांगता, दूर राहावे असे सांगितले. यात आपल्यावर दंड नाही. रात्री घरात कोणीतरी एक माणूस पूर्ण शुद्धीवर असावा, एवढीच यात लेकरांची सोय आहे. तो माणूस आपण व्हावे.

आमच्या मामांनी दुसऱ्या दिवशी विहारात येऊन, सर्वांसमक्ष सारे सांगून, पंचशील पुन्हा घेतले. आवाज कापत होता, पण पाचवे शील त्यांनी सगळ्यांत मोठ्याने म्हटले. त्यांची नात आता बालवाडीत जाते आणि वंदनेच्या वेळी त्यांच्या शेजारी बसते. आज संध्याकाळी आपण वंदनेला बसाल तेव्हा पाचव्या शीलाशी क्षणभर थांबा, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे एकदा पाहा.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.